शागालाची तिसरी फेरी

१२ मे

शागाला जिंकली आणि माझं यंत्रही चाललं. कशाचा आनंद जास्त झाला असं घरात कुणी विचारलं तर घोडीचं नाव घ्यायचं, एवढी अक्कल मला आता आली आहे.

घोडी सासऱ्यांची. नोगायबाय अता, वय एकाहत्तर. शर्यतीचा घोडा तयार करावा तर त्यांनीच, असं तेकेसच्या दोन्ही काठांवर म्हणतात. यंत्र माझं. प्रत्येक घोड्याच्या खोगिराखालच्या कापडाला डावी-उजवीकडे एकेक टॅग शिवायचा, दोन्हींवर एकच नंबर. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर ओरडतो आणि त्याच ओरडण्याच्या जोरावर टॅग पुटपुटतो, मी अमुक. एक रीडर समाप्तीच्या कमानीवर, फेऱ्या मोजायला. दुसरा जरा पुढे, दमलेले घोडे मैदानाबाहेर जातात त्या फाटकावर. फाटकाला नंबर दिसला की तो घोडा शर्यतीतून बाद. इतकी वर्षं पंच निशाणं हातात घेऊन एकमेकांच्या कुळाचा उद्धार करायचे. यंदा शर्यतींच्या संघटनेने ठरवलं, यंत्र सांगेल तेच खरं.

शर्यत संपली आणि लोक घोडीवर तुटून पडले. जिंकलेल्या घोड्याचा घाम तोंडाला लावायला मिळाला म्हणजे भाग्यच. सासूबाईंनी, म्हणजे कुलझिपा आपांनी, घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि थेट माझ्या एलझानच्या कपाळाला पुसला. पोर सातव्या महिन्यात जन्मलेलं, अजून धड दूध ओढत नाही, आणि या!

मी म्हटलं, "आपा, जंतू असतात हो!"

"जंतूंना घाबरणाऱ्यांचीच पोरं घाईने बाहेर येतात," आपा म्हणाल्या. समाल हसली. बायको माझी, पण बाजू नेहमी आईची.

शागालाच्या कापडाचा डावा टॅग गायब आहे. आपा म्हणाल्या, पाणी पाजताना नदीत पडला असेल. मी त्याच नंबरचा दुसरा करून दिला. तेकेस वाहत जाते चीनमध्ये. टॅग आत्तापर्यंत सरहद्द ओलांडून गेला असेल, पासपोर्टशिवाय.

२१ मे

बाळंतपणाला म्हणून अल्माटीहून आलो तो इथेच राहिलो. इकडे घरजावयाला पिल्लू म्हणतात, कुत्र्याचं. आज दुकानात स्मागुल-आगा भेटले, संघटनेचे अध्यक्ष. सगळ्यांदेखत म्हणाले, "काय पिल्लू, भुंकायला शिकलं का अजून?" मी हसलो. दुसरं काय करणार? घरी येऊन पाव आपटला.

एक चांगली गोष्ट. एलझान दूध ओढायला लागला आहे, आणि कसा, वासराने ढुश्या द्याव्यात तसा. आपा सांगतात, हा तुमारचा गुण. लाल मखमलीचा तिकोनी ताईत आहे, त्यांनीच शिवलेला. बोटांना आत काहीतरी कडक लागलं. दुआ लिहिलेला कागद पुठ्ठ्यात घातला असावा. पोर पितंय ना, मग पुठ्ठा असो की आणखी काही.

९ जून

काय लिहू?

मोठी शर्यत. तीन फेऱ्या. शागाला पहिल्या फेरीला मागे होती, दुसरीला वर आली, तिसरीला तर बाकीचे घोडे धुळीत दिसतसुद्धा नव्हते. समाल एरवी छपराखाली सावलीत बसते, पण दुसऱ्या फेरीपासून घोडी कमानीजवळ आली की धावत फाटकाच्या दोरापाशी जायची आणि एलझानला डोक्यावर उचलून धरायची, "बघ, बघ, आजोबांची घोडी!" सगळं मैदान किंचाळत होतं. मीही किंचाळलो.

मग पडद्यावर निकाल आला. शागाला, दोन फेऱ्या. बाद.

मला वाटलं मीच चुकीचं वाचलं. नोंद पाहिली. दुसरी फेरी संपवून घोडी कमानीखालून गेली, आणि त्याच सुमारास फाटकाच्या रीडरने तिचा नंबर घेतला. बाहेर दिसला म्हणजे शर्यत सोडली. तिसरी फेरी यंत्राच्या दृष्टीने झालीच नाही. हा नियम कुणी घातला? मी!

स्मागुल-आगांनी खांदे उडवले. "तूच म्हणालास, यंत्र भांडत नाही. बघ, नाही भांडलं."

अता माझ्याजवळ आले. आवाज चढलेला नव्हता. "माझी घोडी तीन फेऱ्या धावली की नाही?"

"धावली, अता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग तसं लिही."

"माझे डोळे लिहिता येत नाहीत, अता."

ते घोडीला घेऊन चालत घरी निघाले. गाडीत बसले नाहीत.

१० जून

जेवणाला मटण होतं. मला वाटलं आज मला कोपऱ्यात बसवतील. अतांनी छातीचं हाड सुरीने सोडवलं आणि नेहमीप्रमाणे माझ्या पुढ्यात ठेवलं. जावयाचा मान. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शागालाचा हा शेवटचा मोसम. अता म्हणतात, पुढल्या वर्षी ती शर्यतीची राहणार नाही. तिच्या नावावर शेवटची ओळ म्हणून 'बाद' लिहिलेलं राहील.

दाद मागायची सोय आहे. सगळे जायलाऊवरून, उन्हाळी कुरणांवरून, खाली उतरले की सप्टेंबरात संघटना बसते. तेव्हा यंत्र का चुकलं हे मला सिद्ध करावं लागेल. करतो. दोन रीडर जवळजवळ आहेत, एकमेकांच्या सिग्नलमध्ये लुडबुड करणारच. मॉडेल बनवतो, आकडे घालतो, भूत पकडतो.

१८ जून

भूत सापडत नाही.

आज चहाच्या वेळी समालने विचारलं, नक्की काय शोधतोस? मी म्हटलं, असं समज, जेवणाच्या दस्तरखानाभोवती दोन म्हातारे बसलेत आणि दोघेही एकाच वेळी नातवंडांना हाका मारतायत. हळू आवाजाच्या पोराने ओ दिली तर कुणाला ऐकू येईल?

"कुणालाच नाही."

"बरोबर. दोन रीडर एकदम ओरडले की टॅग हरवतो."

"पण तुझा तर हरवला नाही. जास्तीचा दिसला."

मी चहा ढवळत राहिलो. ही बाई शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या मनात जे चार दिवस डाचत होतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. गोंगाटात असलेल्या माणसाचा आवाज बुडतो. गोंगाट झाला म्हणून नसलेला माणूस बोलायला लागत नाही.

एकच वाट उरते. फाटकाच्या रीडरची हाक टिनाच्या छपरावर आपटून कमानीपर्यंत गेली असेल, आणि तिथल्या घोडीने तिला ओ दिली असेल.

२ जुलै

आज मैदानावर चाचणी. अतांनी स्वतः शागालाला कमानीखालून पुन्हापुन्हा चालवलं. समाल जेवण घेऊन फाटकापाशी आली होती, एलझान कडेवर. आणि काय सांगू, भूत आलं! फाटकाच्या रीडरने नंबर घेतला! एकदा नाही, बऱ्याचदा! मी नाचलो. अतांना म्हटलं, "पकडलं!" ते म्हणाले, "आधी बांधून ठेव, मग नाच."

संध्याकाळी मॉडेलमध्ये छपराचा आकडा बसवायला घेतला. नाही बसत. बसेल.

६ जुलै

पुन्हा चाचणी. समाल आणि आपा एलझानला लस द्यायला दवाखान्यात गेल्या होत्या, मी आणि अताच. काही नाही. एकदाही नाही. त्या दिवशी गवत ओलं होतं, आज कोरडं. ओलाव्याचा परिणाम असणार. मॉडेलमध्ये ओलावा घातला.

१५ जुलै

ओलं गवत, कडक ऊन, समाल एलझानला घेऊन छत्रीच्या सावलीला. भूत आलं. मग ओलावाच. नाही, पण दुपारी गवत वाळल्यावरही आलं. मग ऊन? तापलेलं टिन? तापमान घातलं. माझं मॉडेल आता पंचांगासारखं झालंय, त्यात हवा, पाणी, वार सगळं आहे आणि कळत काहीच नाही.

"मेदेत, तू घरात असून नसतोस," समाल म्हणाली. "पोर हसायला लागलंय, पाहिलंस का?"

"पाहिलं."

"कधी?"

पाहिलं नव्हतं.

३ ऑगस्ट

छपराचं टिन प्रत्यक्ष मोजलं. शिडी लावली, अँटेना धरली, उन्हात करपलो. टिन पन्हळी, त्यामुळे कमानीकडे निम्म्याहून कमी जोर परत येतो. तेवढ्यावर फाटकाची हाक कमानीपर्यंत पोचणं शक्य नाही. मॉडेल स्वच्छ सांगतं: हे दोन रीडर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. जागा मी नीट निवडली होती. माझं काम चोख होतं.

आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं, आणि मला ते फाडून टाकावंसं वाटतंय. यंत्र बरोबर म्हणजे घोडी बाद.

अतांना सांगितलं नाही. ते तबेल्यात शागालाचे खूर साफ करत होते. मला बघून एवढंच म्हणाले, "झोपत जा रे. घोडासुद्धा उभ्याउभ्या का होईना, झोपतो."

२३ ऑगस्ट

हातातला छोटा रीडर घरी आणला होता, त्याचं चार्जिंग टिकत नाही म्हणून. दुपारची वेळ, एलझान पाळण्यात. रीडर चालू करून टेबलावर ठेवला आणि तो टुकटुक करायला लागला. मी बंद केला. पुन्हा चालू केला. टुक. पडद्यावर शागालाचा नंबर.

शागालाची कापडं तर तबेल्यात, अंगणापलीकडे.

रीडर हातात घेऊन खोलीत फिरलो. खिडकीपाशी काही नाही. चुलीपाशी काही नाही. पाळण्याजवळ गेलो तर यंत्र वेड्यासारखं वाजायला लागलं. एलझान जागा झाला आणि माझ्याकडे बघून खुदकन हसला. गळ्यात लाल तुमार.

मी खाली जमिनीवर बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ओलावा म्हणे. तापलेलं टिन म्हणे. माझा पोरगा डोक्यावर उचलला जायचा आणि फाटकाच्या रीडरला ओ द्यायचा, मी शागाला, मी शागाला. आजोबांची घोडी नातवाने बाद केली.

आपा आत आल्या. माझा चेहरा पाहिला, रीडर पाहिला, आणि पदर खोचावा तसं डोक्यावरचं पांढरं किमेशेक नीट केलं.

"मीच काढला," त्या म्हणाल्या. "ती नदीची गोष्ट खोटी. जिंकलेल्या घोडीच्या अंगावरचं काहीतरी हवं होतं. केस घ्यायचे तर हे म्हणतात शर्यतीच्या घोड्याचे केस कापायचे नसतात. मग हे घेतलं. चार महिन्यांचा झाला तरी पोर बोटाएवढं होतं, मेदेत. तू तुझ्या आकड्यांत. मी काय करायचं होतं?"

समाल दारात उभी होती. तिलाही ठाऊक नव्हतं, आत कुराणातली आयत आहे असंच तिला वाटत होतं. ती आधी हसली, मग तिला नियम आठवला आणि रडायला लागली.

नियमही माझाच. थंडीत बसून मोठ्या ऐटीत लिहिला होता. घोड्याचा टॅग घोड्याच्या अंगाबाहेर सापडला तर ती लबाडी समजावी, आणि घोडा तयार करणाऱ्याला दोन वर्षं मैदान बंद.

म्हणजे खरं सांगितलं तर शागाला सुटते आणि अता अडकतात. न सांगितलं तर शागाला जाते.

"उसवून देऊ?" आपांनी विचारलं. त्यांचा हात तुमारवर होता, पण उसवायला नव्हे, झाकायला.

"राहू दे," मी म्हटलं. "अतांना काही सांगू नका."

३० ऑगस्ट

तिसरी वाट आहे. छपराचा आकडा. निम्म्याहून कमी आहे तो दुप्पट केला की मॉडेलमध्ये भूत अवतरतं. सुंदर अवतरतं, जिथे हवं तिथे, जेव्हा हवं तेव्हा. यंत्राची चूक, माझी चूक, दोन रीडर फार जवळ ठेवले, क्षमा असावी. संघटनेत कोण तपासणार? स्मागुल-आगांना टिनाचं एवढंच माहीत की त्यावर पाऊस वाजतो.

माझं नाव जाईल. अल्माटीत हसतील, पुढलं काम मिळणार नाही. जाऊ दे. तेवढं तरी मी त्या म्हाताऱ्याला देणं लागतो.

आकडा बदलला. मग जुना परत घातला. मग पुन्हा बदलला. जेवायला बोलावलं तेव्हा तिसऱ्यांदा जुना घालत होतो.

८ सप्टेंबर

उद्या बैठक. बदललेला आकडा ठेवलाय. छापून घेतलं. समालला सांगितलं. ती म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही, मेदेत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईचा रस्सा आवडला म्हणालास, आईला तेव्हाच कळलं होतं."

"उद्या येईल."

"कान झाकून जा," ती म्हणाली आणि माझं डोकं कुशीत घेतलं. किती दिवसांनी.

९ सप्टेंबर

सगळं जसं झालं तसं लिहून काढतो.

तालुक्याच्या क्लबमध्ये लांब टेबलाला संघटनेचे पाच म्हातारे. बाकी सगळा हॉल भरलेला. कुणीकुणी घोड्यावरून आलेलं, चाबूक मांडीवर. अता कडेच्या खुर्चीवर, शर्यतीच्या दिवशीची टोपी घालून.

मी उभा राहिलो. कागद हातात. म्हटलं, "माननीय अध्यक्ष, दोन रीडरमधलं अंतर ठरवताना माझ्याकडून..."

"मेदेत, बस," अता म्हणाले.

मी वळलो. ते उठून उभे होते.

"अता, माझं बोलणं..."

"बस रे पोरा." मग टेबलाकडे तोंड करून म्हणाले, "माझा जावई इथे माझ्यासाठी खोटं बोलायला आलाय. सकाळपासून त्याचे कान बघा, शिजवलेल्या बिटासारखे झालेत. त्याचं यंत्र ठीक आहे. शागालाचा टॅग माझ्या नातवाच्या तुमारात होता. फाटकाने घोडी नाही पाहिली, माझा नातू पाहिला."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुझ्या बायकोने घातला का रे?" स्मागुल-आगांनी विचारलं.

"मी कापून दिला. माझ्या सुरीने. घोडीच्या घामाने भिजलेला होता." ते थांबले. "तिने फक्त शिवला. जावयाला म्हणाली मीच काढला, आणि रात्री मला सगळं सांगून मोकळी झाली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण नवऱ्याचं पाप अंगावर घ्यायचं म्हटलं की बरोबर भिजतो."

मी पुन्हा उठलो. "नियम बदलता येईल, अध्यक्ष. तो मी लिहिलाय. मला असं म्हणायचंच नव्हतं. लबाडी कुठे आहे यात?"

"नियम चांगला आहे," अता म्हणाले. "घोडा घरी आणि टॅग मैदानात, असं करणारे या हॉलमध्ये मी चार तरी दाखवतो. माझ्यासाठी सोडलात की उद्या त्यांच्यासाठीही सोडाल. लावा."

"नोगायबाय, कळतंय ना तुला?" स्मागुल-आगांच्या आवाजातली नेहमीची टवाळी कुठे गेली होती कोण जाणे. "दोन वर्षं. तू एकाहत्तर वर्षांचा आहेस."

"माझं वय मला सांगू नकोस. तू माझ्याहून मोठा आहेस. घोडी तीन फेऱ्या धावली की नाही, एवढं लिही."

पाचही जण डोकी जोडून कुजबुजले. मला फक्त माझ्या हातातल्या कागदांचा आवाज ऐकू येत होता. मग स्मागुल-आगांनी चष्मा काढला.

"पोर दूध पितंय का आता?"

"पितंय," अता म्हणाले. "ढुश्या देतं."

"मग तुमार उसवू नका. तो नंबर मात्र यंत्रातून काढून टाक, काय रे?" हे मला. मी मान हलवली. मग त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: शागाला, तीन फेऱ्या, पहिली. नोगायबाय, दोन वर्षं मैदान बंद.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अता दाराकडे निघाले तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक उठून उभे राहिले, एवढंच.

गाडीत मी माझे कागद मागच्या सीटवर फेकले. शेवटी मलाच राहवेना. "मी सांगणार होतो ना, अता! माझं नाव गेलं असतं एवढंच. तुम्ही सुटला असता, घोडीही."

"आणि ती कशाने जिंकली असती? तुझ्या टिनाने?"

मला राग आला. खरंच आला, रडू येईल इतका. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडलो. ते वाट बघत बसले. मग म्हणाले, "चल. घोडीला पाणी दाखवायचंय."

फाटकात आपा उभ्या होत्या, एलझानला घेऊन. मागे समाल. गाडी पुरती थांबलीही नव्हती तोच आपांनी विचारलं, "काय झालं?"

"जिंकली," अता म्हणाले.

आपांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "म्हणजे सुरीचं सांगितलंत तुम्ही."

"जिंकली म्हटलं ना," अता म्हणाले आणि बादली उचलून तबेल्याकडे गेले.